पेवाच्या तोंडाशी

हरिपुरात पोचलो तेव्हा उजेड अजून राखेच्या रंगाचा होता.
दोन कॅमेरे, एक पन्नासची लेन्स घरची, एक भाड्याची,
जिच्या रिंगच्या फटीत
कुणाच्या तरी लग्नातला तांदळाचा दाणा अडकलेला.

सव्वीस वर्षांपूर्वी इथे
भूपाल नावाचा तोलाईचा कारकून
वीस फूट खोल पेवात सापडला.
पंचनाम्यात लिहिलंय : आत हवा नव्हती.
पेवात उतरण्याआधी कंदील सोडतात,
ज्योत विझली तर माणूस सोडायचा नाही,
एवढं इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं.
त्या दिवशी कंदील वर आला तो जळता की विझलेला,
यावर तीन साक्षीदार, दोन वकील आणि सात वर्षं गेली.
एक साक्षीदार फिरला.
मग सगळेच सुटले.

भूपालचं काम करायला मिरजेहून यासीन आलाय.
सतारीच्या दुकानात तारा चढवतो, बोटांच्या टोकांना घट्टे.
चेहरा दाखवायचा नाही, मी त्याला सांगितलं,
फक्त पाठ, हात, चपला.
ॲपर्चर एक पॉइंट आठ : दोरीचा पीळ लख्ख
आणि दोरीमागचा माणूस नुसता धूर.
गुन्ह्याच्या फिल्मला हे सोयीचं पडतं.
जे आपल्याला ठाऊक नाही ते धूसर ठेवलं
की बघणाऱ्याला वाटतं, यांना ठाऊक आहे.

चंपाक्का कट्ट्यावर बसून होती. आम्ही बोलावलं नव्हतं.
तिची मुलाखत काल झाली,
एकोणतीस मिनिटं एकोणसाठ सेकंद.
तेवढ्यावर हा कॅमेरा आपणहून थांबतो.
ती पुढे बोलत राहिली.
लाल दिवा गेल्याचं मी तिला सांगितलं नाही,
मान हलवत राहिलो.

पहिला टेक. यासीन चालला.
"आसं न्हाई," चंपाक्का म्हणाली,
"त्यो डावा पाय हळू टाकायचा. ल्हानपनी काच गेलती."
दुसरा टेक.
"बाही दुमडत नव्हता त्यो."
तिसऱ्याला उठून आली, त्याची बाही खाली ओढली,
बटण लावलं,
कॉलर नीटच होती, ती पुन्हा नीट केली.
चौथा. सातवा.
आवाज वेगळा, चित्र वेगळं, दोन्ही नंतर जुळवायचं,
म्हणून दर टेकला धैर्यशील एक टाळी वाजवायचा
आणि दर टाळीला ती दचकायची.

मग पेव.
कंदील खाली जाऊ लागला तसा मी आयएसओ चढवत गेलो,
सोळाशे, बत्तीसशे, सहा हजार चारशे,
आणि स्क्रीनवर दाणे उतरले,
पिवळट, वळवळणारे.
आम्ही याला नॉइज म्हणतो.
"हळद हाय," ती माझ्या खांद्यामागून म्हणाली, "आजून हाय आत."
दोन महापुरांनी धुतलेलं पेव ते.
मी काही बोललो नाही.

कंदील वर आला. जळत होता.
पण ती आजची हवा.
आजच्या हवेची साक्ष कुठल्या कोर्टात चालते?

यासीन दोरी धरून उभा, पेवाच्या तोंडाशी, घाम फुटलेला.
मी म्हणालो, ॲक्शन.
ती म्हणाली, "नगं."
आणि त्याला, न दरडावता, रोजच्यासारखं :
"जेवायची येळ झालीया. चल."

तो गेला.
दोरी खाली ठेवून, डावा पाय हळू टाकत,
तिच्या मागोमाग, हळदीच्या रिकाम्या पोत्यांवरून,
फोकसच्या पार.
मी कॅमेरा थांबवला नाही.
वळणापाशी दोघांचे दोन डाग झाले, मग एकच.

आता एडिटला बसलोय.
त्या शॉटला टाळी नाही,
आवाज कुठून जोडायचा, सापडत नाही.
कितीही मागेपुढे सरकवलं
तरी पावलं जराशी आधी वाजतात,
चालणारा नंतर येतो.